प्रवासाचा विमा घ्यायचा कुठून? आधी कागदावरची तीन नावं वाचा

तिकीट निवडून होतं, सीट ठरते, प्रवाशांची नावं भरून होतात, आणि पैसे भरायच्या अगदी आधी पडद्यावर एक चौकट उघडते. प्रवासाचा विमा हवा का? रक्कम तिकिटाच्या मानाने किरकोळ असते. 'हो'चं बटण ठळक रंगात असतं आणि 'नको' फिकट अक्षरांत. त्या 'नको'शेजारी बहुतेक वेळा असंही लिहिलेलं असतं की सगळा खर्च मी स्वतः सोसायला तयार आहे. हे वाचलं की हात थांबतो. घरातलं कोणी म्हातारं माणूस सोबत असेल तर जास्तच. आपण 'हो' दाबून पुढे जातो. कितीतरी लोकांचा विमा असा वीस सेकंदांत घेतला जातो आणि तो नेमका कोणाकडून घेतला, हे प्रवास आटोपून घरी आल्यावरही त्यांना सांगता येत नाही.

माझ्या मामांचा विमा असाच घेतला गेला होता. तिकीट मीच काढून दिलं, म्हणजे ती खूणही मीच केली. मामा अडुसष्ट वर्षांचे, चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला, तब्येत छान, रोज सकाळी फिरायला जाणारे. प्रवासाच्या चौथ्या रात्री परक्या शहरात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात दोन दिवस देखरेखीखाली ठेवलं, तपासण्या झाल्या, सुदैवाने काही गंभीर निघालं नाही. बिल मात्र गंभीर होतं. पॉलिसीवरच्या नंबरवर फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "पेशंटला आधी हृदयाचा काही त्रास होता का?" उत्तर 'हो' होतं. पूर्वीपासूनच्या आजाराशी संबंधित खर्च त्या पॉलिसीत धरलाच नव्हता. सतराव्या पानावर तसं स्पष्ट छापलेलं होतं. मी ते पान हॉस्पिटलच्या बाकावर बसून पहिल्यांदा वाचलं.

कंपनीने लिहिलेल्या शब्दांप्रमाणेच निर्णय दिला, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. विमा विकताना मामांच्या हृदयाबद्दल कोणी विचारलंच नाही, आणि तिकिटाच्या त्या चौकटीत ते सांगायची सोयही नव्हती. तिथे वय आणि तारखा एवढंच भरायचं होतं. जिथे सांगता येत नाही, तिथून मामांसारख्या माणसाचा विमा घ्यायलाच नको होता. विमा कुठून घ्यायचा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

कागदावरची तीन नावं

प्रवासविम्याच्या कागदावर बहुतेक वेळा तीन वेगवेगळी नावं असतात. पहिलं सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं, ज्याने विमा विकला त्याचं. विमान कंपनी, बुकिंग साइट, बँक, टूर कंपनी, एजंट, कोणीही. या विक्रेत्याला विक्रीमागे कमिशन मिळतं आणि बहुतेकदा त्याचं काम तिथेच संपतं. दुसरं नाव लहान अक्षरांत असतं, जोखीम जिने अंगावर घेतली त्या विमा कंपनीचं. क्लेम द्यायचा की नाही हे शेवटी तिचे नियम ठरवतात आणि पैसे तिच्याकडून येतात. तिसरं नाव शोधावं लागतं. ते असतं असिस्टन्स कंपनीचं. रात्री दोन वाजता फोन उचलणारी, हॉस्पिटलला पैशांची हमी देणारी, पेशंटला दुसऱ्या शहरात किंवा घरी हलवायचं असेल तर डॉक्टर आणि विमान जमवणारी ती हीच.

ही तिसरी गोष्ट विम्यात तशी अलीकडे आली. फ्रान्समध्ये १९६३ साली पिअर देस्नो यांनी युरोप असिस्टन्स ही कंपनी काढली, ती याच कल्पनेवर: परक्या देशात अडकलेल्या माणसाला बिलाची रक्कम नंतर परत करण्यापेक्षा त्या क्षणी मदत पोचवावी. आज जगभर प्रवासविम्यात ही सेवा गृहीत धरली जाते. प्रत्यक्ष संकटात आपला संबंध सर्वांत आधी हिच्याशीच येतो, आणि विमा घेताना हिचं नाव आपण पाहतही नाही.

ही तीन नावं वेगळी असतात हे कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. ओळखीच्या विमान कंपनीचा विमा म्हणजे विमान कंपनीची हमी असा त्याचा अर्थ होत नाही. तिने फक्त दुकान लावलेलं असतं. पाच वेगवेगळ्या ब्रँडच्या पॉलिसींमागे एकच विमा कंपनी असू शकते. उलट एकाच विमा कंपनीची पॉलिसी एका दुकानात आजार विचारून, भरपूर कव्हर देऊन मिळते आणि दुसऱ्या दुकानात कापून, आखडून मिळते. म्हणून दुकानाच्या पाटीवरून काहीच ठरवता येत नाही.

दुसऱ्या नावाबद्दल आणखी एक गोष्ट बघावी. ती विमा कंपनी तुम्ही राहता त्या देशातल्या विमा नियामकाकडे नोंदलेली आहे का? क्लेम अडला तर तक्रार कुठे करायची, विमा लोकपालाकडे जाता येईल का, हे त्या नोंदणीवर अवलंबून असतं. परदेशी साइटवरून स्वस्तात घेतलेल्या पॉलिसीत हा दरवाजा बंद असू शकतो. शिवाय पुष्कळ पॉलिसी एखाद्या देशात कायम राहणाऱ्यांनाच आणि प्रवास सुरू व्हायच्या आधीच विकल्या जातात. तुम्ही त्या देशाचे रहिवासी नसताना पैसे भरले, तर साइट ते घेईल आणि क्लेमच्या वेळी रहिवासाचा पुरावा मागितला जाईल.

तिकिटासोबत मिळणारा विमा

तिकीट विकताना विमा विकायचा ही युक्ती इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. लंडनमध्ये १८४९ साली रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी सुरू झाली आणि स्टेशनच्या तिकीट खिडकीवरच अपघाताचा विमा मिळू लागला. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला एका पेनीत दोनशे पौंडांचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या विमानतळांवर तर विम्याची यंत्रंच उभी होती. नाणी टाकायची, फॉर्म भरायचा, विमानात बसायचं. ग्राहक निघायच्या गडबडीत असतो, मनात थोडी धाकधूक असते आणि मुख्य खर्च आधीच मान्य केलेला असतो. विकणाऱ्यासाठी याहून सोयीची वेळ नसते.

साइटवर ही युक्ती आणखी पुढे गेली. विम्याची चौकट आधीच खूण करून ठेवायची आणि ग्राहकाने ती काढली नाही तर पैसे घ्यायचे. युरोपात यावर खटला झाला. ईबुकर्स या तिकीट साइटच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१२ साली निकाल दिला की विमानतिकिटासोबतचा विमा ही ऐच्छिक गोष्ट आहे आणि ग्राहकाने स्वतः 'हो' म्हटल्याशिवाय ती बिलात घालता येणार नाही. विमा दुसरी कंपनी पुरवत असली तरीही हा नियम लागू, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. हा नियम युरोपीय संघापुरता आहे. इतरत्र अशी आधीच केलेली खूण आजही भेटू शकते, म्हणून पैसे भरण्याआधी बिलाच्या ओळी एकदा मोजाव्यात.

मग तिकिटासोबतचा विमा कधीच घेऊ नये का? असं मी म्हणणार नाही. प्रवास छोटा आहे, प्रवासी तरुण आणि निरोगी आहे, आणि भीती फक्त एवढीच की ऐन वेळी जाणं रद्द झालं तर तिकिटाचे पैसे बुडतील, तर तो पुरेसा होऊ शकतो. पण त्याची मर्यादा ओळखावी. पुष्कळदा तो त्या एका बुकिंगपुरताच असतो. हॉटेल, रेल्वे, पुढचं विमान तुम्ही वेगळीकडे काढलं असेल तर ते पैसे त्यात येत नाहीत. वैद्यकीय खर्चाची रक्कम लहान असते, कधी कधी नसतेच. आणि आजारांबद्दल कोणी विचारत नाही. काहीच विचारत नाहीत म्हणजे सोपं आहे, असं आपल्याला तेव्हा वाटतं. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सगळे जुने आजार एका वाक्यात बसवून टाकलेले असतात, म्हणून विचारायची गरज पडत नाही.

टूर कंपनी, एजंट आणि 'विम्यासारखं' काहीतरी

टूर कंपनीकडून विमा घेतला की एक फायदा खरा असतो: पूर्ण सहलीची रक्कम, तारखा, ठिकाणं सगळं तिला माहीत असतं, त्यामुळे कागदात चूक होत नाही. चांगला एजंट तर सोन्यासारखा. तो आजार विचारतो, दोन कंपन्यांचे कागद समोर ठेवतो आणि क्लेमच्या वेळी फोन उचलतो. फक्त त्याला एक सरळ प्रश्न विचारावा: "तुम्ही किती कंपन्यांच्या पॉलिसी विकता?" उत्तर 'एक' असेल तर त्याचा सल्ला त्या एका कंपनीपुरताच आहे, हे लक्षात ठेवून ऐकावं.

इथे एक सापळा मात्र आहे. काही टूर आणि क्रूझ कंपन्या 'कॅन्सलेशन प्रोटेक्शन' किंवा 'वेव्हर' अशा नावाने काहीतरी विकतात. तुम्ही प्रवास रद्द केला तर आम्ही दंड आकारणार नाही किंवा पुढच्या सहलीसाठी रक्कम जमा करू, असं ते वचन असतं. उपयोगी असू शकतं, पण तो विमा नव्हे. त्यामागे विमा कंपनी नाही, विमा नियामक नाही. वचन देणारी कंपनीच बुडाली तर वचनही तिच्यासोबत गेलं. आणि नावाजलेल्या कंपन्याही बुडतात. १७८ वर्षांची परंपरा असलेली थॉमस कुक ही ब्रिटिश टूर कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली तेव्हा एकट्या ब्रिटनचे सुमारे दीड लाख लोक सुट्टीवर बाहेर होते. त्यांना परत आणायला ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाला विमानं भाड्याने घ्यावी लागली. तिथे अशा पॅकेज सहलींना संरक्षण देणारी वेगळी योजना होती म्हणून त्यातले पुष्कळ लोक वाचले. जिथे अशी योजना नाही, तिथे विक्रेता बुडाला तर काय, हे पॉलिसीत शोधावं लागतं. ते कलम असलं तरी विमा ज्या कंपनीने विकला तिचंच दिवाळं निघाल्यास काही पॉलिसी पैसे देत नाहीत. म्हणून सहल ज्याच्याकडून, विमा त्याच्याकडून, हे टाळलेलं बरं, असं माझं मत झालं आहे.

व्हिसाचं काम करून देणारी मंडळीही विमा विकतात. त्यांची पॉलिसी व्हिसासाठी बनवलेली असते, आणि तिथेच घोटाळा होतो. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीनुसार किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कव्हर लागतं, ते पूर्ण शेंगेन प्रदेशात आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालावं लागतं. एवढं असलं की व्हिसाची अट पूर्ण. पण ३०,००० युरो ही व्हिसासाठी आखलेली खालची रेषा आहे. तुमच्या घरच्या माणसाला किती लागेल याचा तो अंदाज नाही. मोठी शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभागातले दिवस धरले तर ही रक्कम बघता बघता संपते, आणि आजारी माणसाला डॉक्टरसह एअर अ‍ॅम्ब्युलन्सने खंड ओलांडून आणायचं तर एकट्या त्या खर्चाचा आकडा लाख डॉलरांच्याही पुढे जाऊ शकतो.

जे आधीच तुमच्याकडे आहे

नवीन विमा घेण्याआधी घरातले जुने कागद काढावेत. क्रेडिट कार्डासोबत प्रवासविमा फुकट येतो असं आपण ऐकलेलं असतं, आणि कित्येक कार्डांवर तो असतोही. त्याच्या अटी मात्र नीट बघाव्या लागतात. तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं ही अट फार ठिकाणी असते. प्रवासाचे दिवस मर्यादित असतात, वयाची मर्यादा असते, घरच्या इतरांना लागू आहे का हे वेगळं बघावं लागतं. कार्डाचा विमा सामान, उशीर आणि रद्द झालेलं तिकीट यांवर बरा असतो. हॉस्पिटलच्या बाबतीत तो बऱ्याचदा तोकडा पडतो. आणखी एक: काही कार्डांचं कव्हर 'दुसरं' असतं, म्हणजे तुमचा दुसरा कुठला विमा असेल तर त्याने आधी पैसे द्यायचे आणि उरलेलं कार्डाने. कागद दुप्पट, वेळही दुप्पट.

नेहमीचा आरोग्यविमा परदेशात चालेल असं धरून चालणं तर फारच महाग पडतं. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीची सरकारी मेडिकेअर योजना मोजके अपवाद सोडता देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. ब्रिटिश प्रवाशांना युरोपीय संघातल्या सरकारी दवाखान्यांत उपचार मिळवून देणारं जीएचआयसी कार्ड मिळतं, पण पेशंटला घरी आणायचा खर्च किंवा डोंगरातून सोडवून आणायचा खर्च त्यात येत नाही. तुमच्या देशात, तुमच्या पॉलिसीत काय आहे, ते विमा कंपनीला लेखी विचारावं. काही आरोग्यविमा कंपन्या प्रवासासाठी वाढीव कव्हर देतात, आणि त्यांच्याकडे तुमची आजारांची नोंद आधीपासून असते. मामांसारख्यांसाठी ही वाट सगळ्यात आधी चाचपून पाहण्यासारखी.

तुलना करणाऱ्या साइट

तुलना साइटवर दहा-वीस पॉलिसी एका पानावर दिसतात, आणि बाजाराचा अंदाज घ्यायला यासारखं साधन नाही. मी स्वतः सुरुवात तिथूनच करते. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवून. सगळ्या कंपन्या तिथे नसतात. साइटचं उत्पन्न बहुधा विक्रीच्या कमिशनवर चालतं. आणि यादी किमतीप्रमाणे लावलेली असते, म्हणून कंपन्याही सगळ्यात वर दिसण्यासाठी पॉलिसी सोलून पातळ करतात. प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून भरायची रक्कम वाढवली की प्रीमियम उतरतो. सामानाच्या चोरीत एका वस्तूमागची मर्यादा कमी केली की आणखी उतरतो. दोन ओळींमधला किमतीचा फरक कशामुळे आहे, हे दोन्ही पॉलिसींचे पूर्ण कागद उघडल्याशिवाय कळत नाही.

सामानाचं नाव निघालंच आहे तर एवढंच सांगते: त्यासाठी पॉलिसी निवडू नये. सामान हरवल्यास आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार विमान कंपनीचीच जबाबदारी असते. डिसेंबर २०२४ पासून तिची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. बॅग गेली तर वाईट वाटतं, पण घर गहाण पडत नाही. हॉस्पिटलच्या बिलाने पडू शकतं.

आजार असेल तर

या भागावर मला जास्त बोलायचं आहे, कारण क्लेम अडतात ते इथे.

'पूर्वीपासूनचा आजार' या शब्दांचा अर्थ प्रत्येक पॉलिसी आपापला लावते. मधुमेह, रक्तदाब, दमा हे तर येतंच. काही पॉलिसींमध्ये निदान झालेलं नसलं तरी ज्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेला होतात तीही येते. अमेरिकेतल्या पुष्कळ पॉलिसी मागे वळून ठरावीक काळ तपासतात, साधारण साठ ते एकशे ऐंशी दिवस. त्या काळात औषध बदललं, डोस बदलला, नवी तपासणी सांगितली गेली, तर तो आजार 'स्थिर नाही' असं धरलं जाऊ शकतं. डोस कमी झाला तरीही. तब्येत सुधारली म्हणून डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, आणि त्याच कारणाने क्लेम अडला, असं होऊ शकतं. हे ऐकून अन्याय वाटतो, मलाही वाटला. पण आधी माहीत असेल तर प्रवासाची तारीख आणि पॉलिसी दोन्ही त्याप्रमाणे निवडता येतात.

म्हणून आजार असलेल्या माणसासाठी दुकानाची कसोटी अगदी साधी आहे. ते दुकान तब्येतीबद्दल प्रश्न विचारतं का? विचारत असेल, तर उत्तरं दिल्यावर कुठला आजार धरला आणि कुठला नाही, हे पॉलिसीत नावानिशी छापून देतं का? अशी सोय थेट विमा कंपनीकडे, अनेक कंपन्यांशी काम करणाऱ्या ब्रोकरकडे, किंवा खास आजारी प्रवाशांसाठी काम करणाऱ्या विमा कंपन्यांकडे असते. ब्रिटनमध्ये तर २०२१ पासून नियमच आहे की गंभीर आजारामुळे एखाद्याला कव्हर नाकारलं किंवा फार महाग सांगितलं, तर विक्रेत्याने त्याला अशा खास कंपन्यांच्या यादीकडे पाठवलंच पाहिजे.

फोनवर कोणी "काही काळजी करू नका, सगळं कव्हर आहे" म्हणालं, तर तेच ईमेलवर लिहून मागावं. तोंडी हवाल्याला क्लेमच्या टेबलावर काही किंमत नाही. आणि आपणही काही लपवू नये. प्रीमियम वाचवायला स्टेंट लपवला तर क्लेमच्या वेळी डॉक्टरांची फाइल मागवली जाते आणि पूर्ण पॉलिसीच रद्द ठरू शकते.

हेच साहसी प्रवासाचं. ठरावीक उंचीपलीकडचा ट्रेक, पाण्याखालची डुबकी, परवाना नसताना चालवलेली भाड्याची स्कूटर, या गोष्टी साध्या पॉलिसीत सर्रास वगळलेल्या असतात. अशांसाठी त्या त्या छंदाच्या संस्थांकडे विचारावं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था पाण्याखाली डुबकी मारणाऱ्यांसाठी विमा देते, आणि ऑस्ट्रियाच्या अल्पाइन क्लबच्या सदस्यत्वातच डोंगरातल्या बचावाचं कव्हर असतं. अपघात कसे होतात हे त्यांना माहीत असल्याने त्यांच्या पॉलिसीतले शब्दही त्या अपघातांना लागू पडतात.

कधी घ्यायचा

कुठून घ्यायचा हे पुष्कळदा कधी घेता यावरही ठरतं. विमा अनपेक्षित गोष्टींचा असतो. बातमी आली की ती गोष्ट 'माहीत असलेली' होते. वादळाला नाव दिलं गेलं की त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ धरत नाहीत. २०२० साली कोविडच्या बाबतीत हेच झालं: साथ जाहीर होताच नव्या पॉलिसींनी ती वगळली, आणि जुन्यांतल्याही कित्येकांत साथीच्या रोगांचं कलम आधीपासूनच होतं. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातलं आकाश जवळपास आठवडाभर बंद पडलं, तेव्हा राख ही 'खराब हवामान' या शब्दांत बसते की नाही यावर अडकलेल्या प्रवाशांचे क्लेम लटकले. त्यानंतर काही कंपन्यांनी राखेचं कलम वेगळं लिहायला सुरुवात केली.

म्हणून पहिला परत न मिळणारा पैसा भरलात की त्याच आठवड्यात विमा बघावा. एका प्रवासाच्या पॉलिसीत प्रवास रद्द होण्याचं कव्हर सहसा घेतल्यापासून सुरू होतं, त्यामुळे लवकर घेतल्याने तेवढ्याच पैशांत जास्त दिवस मिळतात. अमेरिकेत तर जुन्या आजाराची अट माफ करून घ्यायची किंवा 'कुठल्याही कारणाने रद्द' करायची सोय हवी असेल, तर पहिला हप्ता भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांतच पॉलिसी घ्यावी लागते. वर्षभराच्या पॉलिसीत एक बारीक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: ती प्रवासाच्या दिवसापासून सुरू केलीत, तर त्याआधी आजारी पडून जाणं रद्द झालं त्याचे पैसे मिळत नाहीत, कारण पॉलिसी सुरूच झालेली नसते. आणि वर्षभराची असली तरी एका प्रवासाच्या दिवसांना मर्यादा असते. मुलांकडे तीन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी हा आकडा आधी शोधावा.

पैसे भरण्याआधी पॉलिसीचा पूर्ण कागद मागा. जाहिरातीचं पान किंवा दोन पानांचा गोषवारा त्याऐवजी चालणार नाही. जे दुकान पैसे भरल्यावरच कागद दाखवतं, तिथून मी आता घेत नाही. कागद मिळाला की आधी व्याख्यांचं पान वाचावं, मग वगळलेल्या गोष्टींचं, फायद्यांचा तक्ता शेवटी. घेतल्यावर मन बदललं तर बऱ्याच देशांत काही दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते, पण प्रवास सुरू झालेला नसेल आणि क्लेम केलेला नसेल तरच.

पुढच्या वर्षी मामा पुन्हा निघाले. या वेळी आम्ही एका ब्रोकरमार्फत थेट विमा कंपनीशी बोललो. चाळीस मिनिटं लागली. स्टेंट कुठल्या साली, गोळ्या कुठल्या, गेल्या सहा महिन्यांत डोस बदलला का, जिना चढताना धाप लागते का, कुठली तपासणी व्हायची राहिली आहे का. मामा मधेच उठून आत गेले आणि फाइल घेऊन आले. प्रीमियम त्या चौकटीतल्या रकमेच्या कितीतरी पट होता. दोन दिवसांनी पॉलिसी आली, तिच्या पहिल्याच पानावर हृदयविकार आणि रक्तदाब दोन्ही नावानिशी छापलेले होते, 'समाविष्ट' असा शब्द पुढे. मामांनी असिस्टन्सचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि गोळ्यांच्या डबीच्या झाकणात आतून चिकटवला. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला त्या नंबरवर फोन लावायला लावला. चौथ्या रिंगला एका माणसाने उचलला, पॉलिसी नंबर विचारला, आणि दोन्ही आजारांची नावं स्वतःहून वाचून दाखवली.